आमच्याच घरात राहतो, त्याचा पुरावा (नवोदय परीक्षेचा माझा अनुभव)

नवोदयच्या परीक्षेबद्दल विचारलं की लोक गणिताची पुस्तकं आणि क्लासचे नंबर देतात. रहिवासी दाखल्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आमचा सगळा पावसाळा त्या एका कागदात गेला, म्हणून मी त्याबद्दलच लिहिणार आहे. अभ्यासाचं जमेल तसं मध्ये मध्ये येईल.

आम्ही सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये डोंबिवलीहून आलो ते परत गेलोच नाही. मिस्टर पंप आणि मोटार दुरुस्तीची कामं करतात. मुलगा पहिलीपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पाचवीत गेल्यावर गुरुजी म्हणाले, "ह्याला नवोदयला बसवा, आकृत्यांची कोडी हा माझ्याआधी सोडवतो." ते खरंच होतं. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं तर उलगडल्यावर नक्षी कशी दिसेल, असा एक प्रश्न या परीक्षेत असतो. गणपतीच्या सजावटीसाठी रंगीत कागद दुमडून कापताना हा आधीच सांगायचा, "इथे चार चांदण्या येतील." आणि यायच्याही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवोदय विद्यालयं 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आली, ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी. आपल्या जिल्ह्याचं सावंतवाडी तालुक्यात सांगेलीला आहे. सहावीपासून बारावीपर्यंत, सीबीएसई, तिथेच राहून शिकायचं. जागा जास्तीत जास्त 80, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांना. परीक्षा एकदाच देता येते, पुढच्या वर्षी पुन्हा बसू म्हटलं तर चालत नाही. ज्या जिल्ह्यात पाचवी, त्याच जिल्ह्यातून फॉर्म, आणि पालक त्याच जिल्ह्याचे रहिवासी असल्याचा पुरावा.

तिथेच आमची गाडी रुतली. तिघांच्याही आधार कार्डावर पत्ता डोंबिवलीचा, म्हणजे जिल्हा ठाणे. मुख्याध्यापकांनी सांगितलं, सक्षम अधिकाऱ्याचा रहिवासी दाखला जोडा, विषय संपेल. जुलैमध्ये फॉर्म सुरू झाले होते, शेवटची तारीख 16 सप्टेंबर 2024. मला वाटलं, आठवड्याचं काम.

ग्रामसेवक म्हणाले, आमच्याकडे आता स्वयंघोषणापत्र असतं, दाखला तहसीलचा. तालुक्याच्या गावी दाखल्यांचं जे केंद्र आहे तिथे गेले. खुर्चीवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, "पत्त्याचा पुरावा?"

आता कोकणातल्या घराचा पत्त्याचा पुरावा म्हणजे काय, हे ज्याचं घर सामायिक आहे त्यालाच कळेल. घरपट्टीची पावती आजेसासऱ्यांच्या नावाने, पुढे 'व इतर'. ते 'इतर' म्हणजे आम्ही, पण तसं कुठे लिहिलेलं नाही. वीज बिल लालबागच्या काकांच्या नावावर, कारण मीटर घेतला तेव्हा पैसे त्यांनी भरले होते. बिल गेली चार वर्षं आम्ही भरतो, पण भरणाऱ्याचं नाव बिलावर येत नाही. सातबाऱ्यावर इतकी नावं की एक पान पुरत नाही, आणि त्यात सासऱ्यांचं नाव आहे, मिस्टरांचं चढायचं बाकी. रेशन कार्ड डोंबिवलीचं. त्या मुलाने एकेक कागद बघितला आणि बाजूला सरकवला. "मॅडम, यातलं एकही तुमचं नाही." ज्या घरातून मी सकाळी डबा भरून निघाले होते, त्या घराबद्दल तो बोलत होता.

मग त्याने डोमिसाईल काढायचा सल्ला दिला. त्याला वर्षानुवर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात, म्हणजे जे एका वर्षाचं नाही ते अनेक वर्षांचं आणा. हा सल्ला तुम्हालाही मिळेल. नको म्हणा. आपल्याला साधा रहिवासी दाखला हवा असतो, आणि 'आपले सरकार' पोर्टलवर तो वेगळा आहे.

त्यानंतर काकांच्या संमतीपत्राची टूम निघाली. मीटर ज्यांच्या नावावर त्यांनी लिहून द्यायचं की हे कुटुंब इथे राहतं. मी लालबागला फोन लावला. काका आधी मुलाचं कौतुक ऐकून खूश झाले. सही म्हटल्यावर आवाज बदलला. "माझी सही कित्याक होयी गो? घर इकूक काढलास की काय तुमी?" शाळेचा फॉर्म आहे, जमिनीचा नाही, हे समजावताना माझा घसा बसला. शेवटी "गणपतीक येतंय तेवा बघूया" एवढ्यावर आलं. गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला. पाच दिवसांचा आमचा गणपती. त्या दिवसांत कोकणात कुठल्या कार्यालयात कोण भेटतं, ते सांगायला नको. नंतर फॉर्मची मुदत वाढली, पण ऑगस्टमध्ये ते कोणाला माहीत होतं?

मध्ये केंद्राच्या फेऱ्या सुरूच होत्या. कधी सर्व्हर डाऊन, कधी वीज नाही, कधी तो मुलगा जेवायला गेलेला. पिशवीतल्या घरपट्टीच्या पावतीला ओल लागून तिची शाई पसरली, तेव्हा 'व इतर' सुद्धा दिसेनासं झालं. मी एकदा तिथे मोठ्याने बोललेसुद्धा, की 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्या. (हे वाक्य पाठ करून जा. त्याने काम होत नाही, पण मान वर होते.)

मार्ग निघाला तो तहसील कार्यालयातल्या एका वयस्क कारकुनांकडून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मतदान खय करतास?"

गावात! मिस्टरांचं नाव डोंबिवलीत असतानाही इथल्याच यादीत होतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला चाकरमान्यांच्या गाड्या कशा येतात, सगळ्यांना ठाऊक आहे. मतदान कार्ड मी पहिल्याच दिवशी दिलं होतं, पण पोर्टलवर ते ओळखीच्या पुराव्यात टाकलं गेलं होतं. पत्त्याच्या पुराव्यांच्या यादीत मात्र 'मतदार यादीचा उतारा' स्पष्ट लिहिलेला आहे. ती यादी केंद्राच्या भिंतीवर, त्या मुलाच्या डोक्यामागे चिकटवलेली होती. उताऱ्याची प्रत घेतली, अर्ज नव्याने भरला, दाखला चतुर्थीच्या आधी हातात आला. काकांची सही लागलीच नाही. मी त्यांना तसं कळवलं, जरा तोऱ्यातच.

फॉर्म भरणं मग अर्ध्या तासाचं. फी नाही. फोटो, मुलाची सही, पालकांची सही 10 ते 100 केबीत बसवा आणि मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र नवोदयच्याच नमुन्यात घ्या. एक राहिलंच: तिसरी, चौथी आणि पाचवी, तिन्ही इयत्ता पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेल्या असतील तरच ग्रामीण कोटा. मधे एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असलं तरी मूल शहरी धरतात. नगरपंचायतीच्या हद्दीतली शाळा असेल तर आधी विचारून घ्या. नणंदेच्या मुलाचं त्यावरूनच डोकं फिरायची वेळ आली होती.

अभ्यास म्हणाल तर 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. त्यातले 40 प्रश्न आणि 50 गुण एकट्या बुद्धिमत्तेचे, बाकी अंकगणित आणि भाषा अर्धे-अर्धे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा ठेवायचा नाही, हे मुलाला दहादा सांगा. पेन निळं किंवा काळं बॉलपेन, आणि घरी सरावही पेनानेच. शाळेत पेन्सिलीची सवय असते, मुलं खोडायला जातात. तेव्हा शिष्यवृत्तीची परीक्षा पाचवीत असायची आणि तिलाही बुद्धिमत्ता चाचणी होती, त्यामुळे एका अभ्यासात दोन्ही झाली. महागड्या क्लासची गरज आम्हाला तरी पडली नाही.

परीक्षा 18 जानेवारी 2025 ला झाली. मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "भूक लागली." मार्चमध्ये यादीत त्याचा क्रमांक आला. मी रडले, मिस्टरांनी गुरुजींना आधी फोन केला. कागदपत्रांच्या पडताळणीला मी तो दाखला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, मूळ प्रत आणि झेरॉक्सांसकट नेला होता. तिथल्या सरांनी तो बघितला, यादीवर बरोबरची खूण केली आणि वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं.

धाकटी आता तिसरीत गेली आहे. रेशन कार्ड गावात आणून झालं, आधारवरचे पत्तेही बदलले. वीज मीटर नावावर करून घेण्याचा विषय काकांकडे अजून काढलेला नाही.