आमची वाटचाल : शिरोरेषेला कात्री

आमची फर्म सांगलीत, विश्रामबागेत. सुरुवात पेन टॅब्लेट आणि वर्गातले डिजिटल बोर्ड विकण्या-बसवण्यापासून झाली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये क्लास ऑनलाइन गेले आणि सरांचे फोन सुरू झाले : लिहिता येतंय, पण लिहिलेलं उचलून बाजूला ठेवायला गेलं की अर्धं मागे राहतं. त्यातून आमचं स्वतःचं वहीचं सॉफ्टवेअर आलं. त्यात सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते लॅसोने, म्हणजे लिहिलेल्याभोवती पेनने वेढा घालून ते निवडायच्या सोयीने.

पेनने लिहिलेलं संगणकाला अक्षर म्हणून कळत नाही. त्याच्याकडे फक्त स्ट्रोक असतात : पेन टेकल्यापासून उचलेपर्यंतचे बिंदू, त्यांची जागा, दाब, वेळ. लॅसोचा वेढा पडला की कुठला स्ट्रोक आत धरायचा? पूर्ण आत असेल तरच म्हटलं तर एखादा काना बाहेर राहतो; नुसता स्पर्श पुरे म्हटलं तर शेजारचं समीकरणही ओढलं जातं. म्हणून स्ट्रोकचा किती भाग वेढ्यात आहे त्याची टक्केवारी, आणि तीही बिंदू मोजून नाही, लांबी मोजून. बिंदू ठराविक वेळाने नोंदले जातात, त्यामुळे हात रेंगाळतो तिथे त्यांची गर्दी होते.

इंग्रजीला एवढं बरंचसं पुरतं. मराठीत बरेच जण शब्द, काही तर अख्खी ओळ लिहून झाल्यावर वरून एकच रेघ ओढतात. (मोडी लिपीत उलटं, आधी पानभर रेघ. त्या कारकुनांना लॅसो नव्हता हे बरं.) ‘त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढा’ यातलं ‘क्षेत्रफळ’ हलवलं, की कपडे काढलेल्या दोरीसारखी रेघ तिथेच लोंबते.

आम्ही ठरवलं, रेघ तोडायची. पण निवडताना नाही, हलवताना. नुसता वेढा घालून विचार बदलला तर वहीला चिरा पडू नयेत. मग प्रश्न, शिरोरेषा ओळखायची कशी? लांब, आडवी, आणि खालची अक्षरं तिच्या आधीची. अपूर्णांकाची रेघही तशीच दिसते, पण सहसा अंश, रेघ, छेद असा क्रम असतो, म्हणजे खालची शाई रेघेनंतरची. इथे वेळेची नोंद कामी आली. अनुस्वार जवळच्या अक्षराला बांधला. दशांशचिन्हाशी त्याची गल्लत अजून अधूनमधून होते.

लॅसो पेनच्या बटणावर ठेवला : दाबून धरलं की निवड, सोडलं की लेखन. टूलबारवर ठेवला की शिकवण्याच्या भरात सर तो बंद करायला विसरतात आणि लिहायला जातात.

धंद्याचं म्हणाल तर पगार अजून हार्डवेअरमधूनच निघतात. सॉफ्टवेअरची वार्षिक फी त्याच्या जोडीला. सध्या आमच्यात वाद चालू आहे तो तोडलेल्या रेघेचा. शब्द हलवून पुन्हा जागेवर आणला, तर ती आपोआप सांधावी का? माझं मत सांधावी. कोड लिहिणारा म्हणतो, अंडू (केलेलं मागे घ्यायचं बटण) कशाला दिलंय मग?