शटर उघडं, दिवा हिरवा

जूनमधली गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडच्या एका बंगल्यातून काकूंचा फोन आला. "सकाळी गॅरेजचं शटर वीतभर वर होतं. रात्री अलार्म लावूनच झोपलो होतो, पण तो वाजला नाही." चोरी झाली नव्हती. काकांच्या मते रात्री त्यांनीच शटर पुरतं खाली ओढलं नसावं. पण तसं असेल तर पॅनलने अलार्म चालूच होऊ द्यायला नको होता. गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात दार उघडत होतं आणि त्या दाराला सेन्सर नव्हता. चार रात्री काकूंच्या डोळ्याला डोळा नव्हता.

गेल्या गेल्या शटर पूर्ण वर करायला लावलं आणि पॅनलपाशी उभा राहिलो. दिवा हिरवाच, म्हणजे पॅनलच्या मते शटर बंद. माझ्या पोटात गोळा आला.

या सेन्सरमध्ये काचेच्या बारीक नळीत दोन पातळ पट्ट्या असतात. शटरवरचं चुंबक जवळ आलं की त्या चिकटतात, लांब गेलं की सुटतात. मी सेन्सरच्या दोन्ही वायरी सोडवल्या. तरी दिवा हिरवाच! म्हणजे खोट वायरीत होती. शटर ज्या उभ्या पट्टीतून सरकतं त्या गाइडच्या बाजूने चाचपत गेलो तर एका क्लॅम्पचा स्क्रू केबलमधून आरपार गेलेला. आतल्या दोन्ही तारा तिथेच जुळल्या होत्या. शटर उघडं आहे की बंद, हे पॅनलला कळायला मार्गच उरला नव्हता.

केबल दबू शकते, ते मी समजू शकतो. राग आला तो पॅनल उघडल्यावर. रेझिस्टर, म्हणजे वायरीत ठरावीक रोध देणारा आणि पॅनल ज्यावरून वायर तपासतं तो छोटा भाग, आतच, टर्मिनलला लावून ठेवला होता. तो लावायचा असतो वायरीच्या दुसऱ्या टोकाला, सेन्सरपाशी. तिथे असता तर तारा जुळताक्षणी रोध शून्यावर आला असता आणि पॅनलने बोंब मारली असती. पाच मिनिटांचं काम वाचवण्यासाठी कुणीतरी या दोन म्हाताऱ्या माणसांना महिनोन्‌महिने उघड्यावर झोपवलं होतं. वारंवार खोटा वाजणारा अलार्म लोक निदान दुरुस्त तरी करून घेतात. गप्प बसलेल्यावर विश्वास ठेवतात.

केबल नवी ओढली, खालचा भाग लवचीक लोखंडी नळीतून नेला. आधीचा सेन्सर लाकडी दारासाठीचा होता, जेमतेम दोन सेंटीमीटर अंतर झेलणारा. नाशिकच्या पावसाळी वाऱ्यात शटर हलतं, म्हणून जास्त अंतर चालणारा, धातूच्या कवचाचा घेतला. शटरचं लोखंड चुंबकाची ताकद खातं, त्यामुळे चुंबकाखाली ॲल्युमिनियमची पट्टी दिली. जमिनीवर बसवायचा सेन्सरही मिळतो, पण काका रोज पाइप लावून फरशी धुतात, तेव्हा हा नवा सेन्सर बाजूला गाइडपाशीच बसवला. रेझिस्टर सेन्सरशेजारी. स्वयंपाकघराच्या दारालाही एक सेन्सर लावला.

मग शटरला खांद्याने धक्के दिले. शांत. वायरी मुद्दाम जुळवल्या. पॅनलने लगेच बिघाड दाखवला.

शेवटची चाचणी काकूंना करायला सांगितली. "मी?" म्हणत त्यांनी पदर खोचला आणि शटर जेमतेम चार बोटं उचललं. सायरन असा कडाडला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. काका कोड दाबायला धावले. काकूंनी शटर खाली ओढलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अजून एकदा उघडू?"

"उघडा की," मी म्हणालो.