एका गल्लीत चार डिलिव्हरीवाले

मी पार्सलांचा छोटा हत्ती चालवतो. गाडी व्हेंडरची, म्हणजे कुरियर कंपनीच्या ठेकेदाराची, मीही व्हेंडरचा. टी-शर्ट तेवढा कंपनीचा. त्या टी-शर्टामुळे लोकांना वाटतं की पार्सल आणणारे सगळे एकाच घरचे. "काल तुमचा दुसरा माणूस आला होता, त्याला सांगितलं होतं की," असं मला रोज कुणीतरी ऐकवतं. तो दुसरा माणूस कोण, त्याला पैसे कोण देतं, हे मलाही ठाऊक नसतं. पुण्यात वारज्यातल्या एकेका गल्लीत दुपारपर्यंत चार जण येऊन जातात: पोस्टमन, कुरियरचा ऑन-रोल, म्हणजे थेट कंपनीच्या पटावरचा मुलगा, पाकिटावर पैसे घेणारा बाइकवाला आणि मी. चौघांकडची पाकिटं दिसायला सारखीच. चौघांचे पगार एका कागदावर मांडले तर कुणाला पटणार नाही की काम एकच आहे.

आमच्या घरात हा विषय उठताबसता निघतो, कारण मेव्हणा माझ्याच हबमधून बाइकवर डिलिव्हरी करतो आणि चुलतभाऊ पाटण तालुक्यात डाक सेवक आहे. सणाला एकत्र जमलो की 'तुझं बरंय' हे वाक्य तिघंही एकमेकांना म्हणतात.

मेव्हण्याला पाकिटामागे चौदा रुपये मिळतात. पाकीट म्हणजे पोचलेलं पाकीट, हे महत्त्वाचं. दाराला कुलूप, फोन बंद, 'उद्या या', 'ऑर्डर मी केलीच नाही' असल्या सगळ्या फेऱ्या फुकट. लिटरला शंभर रुपयांच्या वरचं पेट्रोल त्याचं, टायर त्याचे, मोबाइलचा रिचार्ज त्याचा. सत्तर पाकिटं गेली की हजाराच्या आसपास आकडा दिसतो आणि तो ऐकून माझी सासू खूश होते. पेट्रोल, महिन्याची सर्व्हिसिंग आणि गाडीचा हप्ता वजा केल्यावर काय उरतं ते त्याची बायको सांगेल. रिटर्न पिकअपचं तर बोलूच नका. आधी तो कुर्ता उलगडून बघायचा, टॅग आहे का, डाग आहे का, चारी बाजूंनी फोटो काढायचे, गिऱ्हाईक वर उभं राहून म्हणणार "अहो, घालून बघितला सुद्धा नाही", आणि त्यात दहा-पंधरा मिनिटं गेल्यावर रेट डिलिव्हरीपेक्षा कमी.

माझा पगार ठरलेला. पाऊस असो, सुट्टी असो, लोड कमी असो, महिन्याचा आकडा तोच. मेव्हण्याला वाटतं यात माझी चैन आहे. जुलैत त्याचं म्हणणं खरं असतं. धो धो पावसात त्याची पाकिटं निम्म्यावर येतात आणि माझा पगार हलत नाही. पण दिवाळीच्या सेलला उलटं होतं. तो रात्री नऊपर्यंत पळतो आणि कमावतो. मीही नऊपर्यंतच पळतो, आणि पगार तोच. ठरलेल्या पगाराच्या माणसावर लोड टाकायला कुणाला काही पडत नाही, म्हणून बाइकवर न मावलेलं सगळं शेवटी माझ्या गाडीत येतं. डंबेल्सचा सेट, वीस किलो कुत्र्याचं खाणं, पाण्याचा फिल्टर, खुर्ची. रनशीटवर, म्हणजे दिवसाच्या पाकिटांच्या यादीत, कानातल्यांचं पाकीटही एक आणि डंबेल्सही एक.

खरी मेख त्या रनशीटमध्येच आहे. टीएल, म्हणजे आमचा टीम लीडर, सकाळी म्हणतो, "सगळ्यांना साठ-साठ दिलेत, कुणी कुरकुर करायची नाही." आता डहाणूकर कॉलनीतले साठ बघा. जुन्या तीन मजली इमारती, लिफ्ट नाही, जिन्यात सायकली आणि कुंड्या. त्यात कोथरूडभर रिडेव्हलपमेंट सुरू आहे. पत्त्यावर जावं तर इमारतीच्या जागी पत्रे ठोकलेले, आणि गिऱ्हाईक दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहायला गेलेलं. ॲपमध्ये पत्ता तोच जुना. बावधनच्या टॉवरमधले साठ वेगळे. गेटवर नोंद, मग सिक्युरिटीच्या ॲपवर फ्लॅटवाल्याची परवानगी, मग सर्व्हिस लिफ्टची वाट, जिच्यात आधीच कुणाचं तरी फर्निचर चाललेलं असतं. पण एकदा आत शिरलात की एका टॉवरमध्ये पंधरा पाकिटं निघतात आणि तासाभरात हात मोकळे. तिसरे साठ शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे असे पसरलेले. एका पाकिटासाठी दीड किलोमीटर आत, रस्ता खोदलेला, आणि पत्ता काय, तर 'दत्त मंदिरामागे'. तिन्ही साठांना हिशेब एकच. कुठली बीट, म्हणजे कुठला भाग, कुणाला मिळणार हे टीएलच्या मर्जीवर असल्यामुळे सकाळी सातला त्याच्यासाठी चहा आणणारे बरेच असतात.

हबमध्ये मोजके चार-पाच जण ऑन-रोल आहेत. त्यांचा हातात येणारा पगार माझ्यापेक्षा फार जास्त नाही, कधीकधी मेव्हण्याच्या चांगल्या महिन्यापेक्षा कमीच. पण त्यांचा पीएफ कापला जातो, दिवाळीला बोनस येतो, आणि महिन्याचा पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा असतो. कामावर हात मोडला तर ईएसआयसीतून मजुरीच्या ९० टक्के रक्कम प्लास्टर निघेपर्यंत मिळते. मेव्हण्याचा हात मोडला तर त्याचा आयडी इनॲक्टिव्ह होतो. मला स्वतःला पगाराच्या फरकापेक्षा हा फरक मोठा वाटतो, कारण पगार कमी असला तर माणूस काटकसर करतो. पाय मोडला की काटकसरीलाही काही उरत नाही.

व्हेंडरला शिव्या घालायची आमच्यात पद्धत आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. त्याने तीन गाड्या कर्जावर घेतल्यात, कंपनी बिल दीड-दोन महिन्यांनी काढते, हप्ता मात्र पाच तारखेला जातो. हरवलेल्या पाकिटाचे पैसे कंपनी त्याच्या बिलातून कापते, तो माझ्या पगारातून कापतो. मधे जितके हात, तितकी गळती.

मध्यंतरी हबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड सारखं फिरत होतं: अमेरिकेत पार्सल पोचवणाऱ्या ड्रायव्हरला वर्षाला १ लाख ७० हजार डॉलर पगार! खाली हसण्याच्या आणि रडण्याच्या इमोजींची रांग. मी जरा खोलात जाऊन वाचलं. ती यूपीएस कंपनी. २०२३ मध्ये टीमस्टर्स नावाच्या युनियनने तिथल्या सुमारे ३ लाख ४० हजार कामगारांसाठी पाच वर्षांचा करार केला. १ लाख ७० हजारात आरोग्य विमा आणि पेन्शनचा खर्चही धरलाय, आणि तो आकडा कराराच्या शेवटच्या वर्षाचा, फुलटाइम ड्रायव्हरचा. नुसती मजुरी बघितली तर वरच्या पायरीवर तासाला सरासरी ४९ डॉलर. तीही थोडी नाहीच. त्याच करारात नव्या गाड्यांना एसी मिळाला. आमच्या छोट्या हत्तीत एप्रिलमध्ये बसून बघा, म्हणजे त्यासाठी संपाची तयारी का केली असेल ते कळेल.

पण मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त ओळखीची वाटली. तिथे त्याच रस्त्यावर ॲमेझॉनच्या निळसर-राखाडी व्हॅन फिरतात, आणि त्यांचे ड्रायव्हर ॲमेझॉनचे नसतात. २०१८ पासून ॲमेझॉनने छोट्या ठेकेदार कंपन्या उभ्या केल्या, ड्रायव्हर त्यांच्या पटावर. व्हॅनवर नाव एकाचं, पगाराच्या चिठ्ठीवर दुसऱ्याचं. फेडेक्सच्या ग्राउंड विभागातही काम ठेकेदारांमार्फतच चालतं. म्हणजे आमच्या व्हेंडरचे भाऊबंद तिकडेही आहेत. यूपीएसवाल्याचा पगार अमेरिकेमुळे मोठा नाही. मधे ठेकेदार नाही आणि वाटाघाटीला युनियन बसते म्हणून मोठा आहे. मी हे ग्रुपवर लिहिलं तर एकाने अंगठा दाखवला, बाकीच्यांनी गुड मॉर्निंग.

लोक म्हणतात, सरकारी ते बरं. त्यांनी माझ्या चुलतभावाला भेटावं. शहरातला पोस्टमन टपाल खात्याचा नोकर. सातव्या वेतन आयोगात त्याचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. चुलतभाऊ ग्रामीण डाक सेवक. दहावीच्या मार्कांवर लागला तेव्हा गावात पेढे वाटले होते. त्याला पगार म्हणतच नाहीत, कामाच्या वेळेशी जोडलेला भत्ता म्हणतात. चार तासांच्या कामाला सुरुवात १०,००० पासून, वर महागाई भत्ता. कागदावर चार तास. कोयनेच्या खोऱ्यातल्या पावसात वाडीवस्तीवर एक पार्सल आणि एक मनीऑर्डर पोचवायला किती तास लागतात हे घड्याळाला विचारू नये. वाडीवरच्या म्हाताऱ्यांची खाती उघडून घ्यायची, त्यांचे अंगठे मशीनवर उमटेनात म्हणून पुन्हा पुन्हा पुसून ठेवायचे, विम्याचं टार्गेट गाठायचं, तेही त्याच चार तासांत. पोस्टमनसारखं वेतन नाही, पेन्शन नाही, आणि नेमणुकीच्या अटीत लिहिलेलं असतं की उपजीविकेचं दुसरं साधन हवं. त्याची दोन म्हशी आणि थोडी भातशेती म्हणजे ते साधन. मी त्याला म्हणतो, तुझ्या म्हशीच खात्याला सबसिडी देतायत.

नव्या कायद्याबद्दल हबमध्ये बरंच बोललं जातं, त्यातलं निम्मं चुकीचं. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द पहिल्यांदा कायद्यात आले. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, पण कामगारांना दिलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांच्या आत, सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरायची आहे. यातून विमा, आजारपण, म्हातारपण यांच्या योजना निघतील. पाकिटाचा रेट किती असावा, एका माणसाला किती लोड द्यावा, याला मात्र त्यात हात लावलेला नाही. मेव्हण्याने ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलंय, कारण तो सरळसरळ प्लॅटफॉर्मचा. मी ठेकेदाराचा नोकर, म्हणून माझे हक्क वेगळ्या खान्यात. हबमध्ये आम्ही एकाच पत्र्याखाली उभे असतो.

मी टीएलला एक गोष्ट बरेच दिवस सुचवतोय. रनशीटवर पाकिटाच्या आकड्याशेजारी अजून दोन खाने करा: लिफ्ट आहे की नाही, आणि वजन पाच किलोच्या वर आहे का. ॲपला गिऱ्हाईकाच्या कुत्र्याचं नाव सुद्धा माहीत असतं, मग इमारतीला लिफ्ट नाही एवढं का कळू नये? लिफ्ट नसलेल्या मजल्याला दोन रुपये जास्त द्या, भारी पाकिटाला दोन मोजा. टीएल म्हणाला, मग सगळेच जिन्याचे पैसे मागतील. मी म्हटलं, जिना चढतात ते मागतील.

गंमत म्हणजे या मागणीला पहिला विरोध मेव्हण्याचाच. त्याच्याकडे सध्या डहाणूकर कॉलनी आहे, कारण ती कुणालाच नको असते. त्याचं म्हणणं, जिन्याचे पैसे लागू झाले की ती बीट टीएलला चहा आणणाऱ्यांना हवीशी वाटेल आणि त्याला शिवण्याला पाठवतील. शिवण्याच्या खड्ड्यांचा खाना रनशीटवर कुठे करायचा, हे आधी सांगा, असं तो मला रोज विचारतो.