साताऱ्यात दोन दिवस चाकूसमोर

सांगलीत मी मुलींना लाठीकाठी शिकवते. समोरच्याने चाकू काढला तर काय करायचं, असं त्या विचारतात, आणि मी आजवर मनगट धरून पिळायचा एक डाव दाखवत आले. तो खरंच चालतो का, हे बघायला साताऱ्यातल्या फिलिपिनो चाकू शिबिराला गेले.

आधी जाण्याचं सांगते. रेल्वेने गेलात तर सातारा स्टेशन माहुलीला, शहरापासून लांब पडतं. त्यापेक्षा कराडमार्गे एसटी धरा. हॉल पोवई नाक्याजवळ होता, स्टँडवरून मी चालतच गेले. फरशी गुळगुळीत होती, अनवाणी पाय सटकत होते. रबरी तळाचे बूट न्याच.

आर्निस, एस्क्रिमा, काली अशी तीन नावं या विद्येला आहेत. २००९ साली फिलिपिन्सने कायदा करून आर्निसला राष्ट्रीय खेळ ठरवलं. आपल्याकडे आधी अंग तयार करतात, मग हत्यार देतात. इथे पहिल्याच तासाला हातात वेताची छडी आली. वार ओळखायचा तो कोनावरून. एक नंबर म्हणजे मारणाऱ्याच्या उजवीकडून खाली येणारा तिरका, दोन नंबर त्याच्या उलट. हातात छडी असो, सुरा असो की काहीच नसो, कोन तोच. आम्हा लाठीवाल्यांना हे लवकर जमतं. जमत नाही तो डावा हात. लाठीत बहुतेक वेळ दोन्ही हात काठीवर असतात, इथे मोकळ्या हाताला 'जिवंत हात' म्हणतात आणि तो छातीपुढे तयार लागतो. माझा सारखा कमरेशी जायचा. दर वेळी सर न बोलता त्याच्यावर छडी टेकवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी टेपने एकवीस फूट मोजून फरशीवर खडूची रेघ मारली. अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये हे अंतर मांडलं होतं: चाकूवाला एवढं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. पलीकडून एक कॉलेजचा मुलगा धावत आला. मी तयारीत उभी होते, तरी हात वर जायच्या आत तो पोटाशी होता.

मग मार्करचा सराव. समोरच्याच्या हातात लाल मार्कर, माझ्या अंगात पांढरा टी-शर्ट, वेळ एक मिनिट. मी माझा मनगटाचा डाव लावून बघितला. एकदाच पकड बसली, आणि तेवढ्यात त्याने मार्कर दुसऱ्या हातात घेऊन बरगडीवर चार रेघा ओढल्या. खरा माणूस एक वार करून थांबत नाही, हात लगेच मागे घेऊन पुन्हा मारतो. मिनिटानंतर मोजल्या तर सतरा रेघा, त्यातल्या अकरा बाह्यांवर. पळायला जागा असेल तर पळा, नसेल तर खुर्ची, दप्तर, काहीही मध्ये घाला, आणि हात अडकलाच तर दोन्ही हातांनी कोपरापाशी धरून अंगाने दाबा, असं सर म्हणाले. त्यातही कापलं जाणारच, हे त्यांनी लपवलं नाही. मला त्यांचा हाच सच्चेपणा सगळ्यात आवडला. शेवटचा तास रक्तस्राव थांबवण्याचा होता: जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही, आणि १०८ ला फोन. हा तास चुकवून लवकरची गाडी पकडू नका. दोघांनी तेच केलं.

सोबत जुना पांढरा टी-शर्ट न्या, मार्करचा डाग निघत नाही. डोळ्यांना गॉगल हवाच. नखं कापा, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा. नवख्यांनी रबरी चाकू घ्यावा. अ‍ॅल्युमिनियमचा बिनधारेचा असला तरी बोटाच्या हाडावर बसला की कळ जाते. घरातला खरा चाकू अजिबात नेऊ नका. सणासुदीला, निवडणुकीत पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा सरावाचा चाकूसुद्धा बॅगेत तळाशी असू द्या, एसटीत काढून दाखवत बसू नका.

सोमवारी टी-शर्ट वर्गात नेला आणि मनगटाचा डाव यापुढे शिकवणार नाही, असं मुलींना सांगितलं. त्यांनी रेघा पुन्हा मोजल्या. एकोणीस भरल्या. एक काखेत होती आणि एक मागे, कॉलरच्या खाली.