दोन फटक्यांमधला वेळ

चैत्र संपत आला असून नागपुरात सकाळी नऊनंतर गोल्फच्या मैदानावर उभे राहणे कठीण होऊ लागले आहे. उजाडताच सुरुवात केली तरी अठरा होलांची, म्हणजे अठरा टप्प्यांची, फेरी पूर्ण व्हायला चारेक तास जातात, आणि शेवटचे होल डोक्यावर ऊन घेऊनच खेळावे लागतात. आज घरी परतल्यावर बरेच दिवस मनात असलेला एक हिशेब मांडून पाहिला. माझ्यासारखा हौशी खेळाडू एका फेरीत नव्वदच्या आसपास फटके मारतो आणि प्रत्येक स्विंगला जेमतेम दीड-दोन सेकंद लागतात. म्हणजे चार तासांतला प्रत्यक्ष खेळ फार तर तीन मिनिटांचा भरतो. उरलेला सगळा वेळ चालण्यात आणि थांबण्यात जातो, आणि मन बिघडते ते याच वेळात.

म्हणूनच संपूर्ण फेरीभर एकाग्र राहण्याचा सल्ला मला पटत नाही. इतका वेळ लक्ष ताणून धरणारा माणूस निम्म्या फेरीतच थकतो आणि नेमके गरजेच्या वेळी त्याचे लक्ष ढळते. शिकायचे आहे ते लक्ष गोळा करणे आणि फटका झाला की ते मोकळे सोडणे. पिया निल्सन आणि लिन मॅरियट या प्रशिक्षक यासाठी चेंडूमागे एक काल्पनिक रेषा आखायला सांगतात. वारा, अंतर, उतार, कोणता क्लब (चेंडू मारायची काठी) घ्यायचा, हे सारे रेषेच्या मागे ठरवायचे. रेषा ओलांडली की विचार संपला, आता फक्त खेळायचे. ओलांडल्यावर शंका आली, तर पुन्हा मागे यावे. फटका मारण्यासाठी 40 सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये अशी शिफारस गोल्फच्या नियमांतच आहे, आणि निर्णय आधीच पक्का असेल तर एवढा वेळ पुरून उरतो.

आज पाण्यावरून मारायच्या फटक्याआधी माझी नजर पुन्हा पुन्हा तळ्याकडे जात होती. माझी क्लबची पिशवी सांभाळणारा अनुभवी कॅडी हळूच म्हणाला, “साहेब, पाण्याकडे पाहू नका, त्या बाभळीच्या बुंध्याले पाहा.” पाण्यात मारू नये असे मनाला कितीही बजावले तरी मनापुढे उभे राहते ते पाणीच, त्याऐवजी बुंध्यासारखे लहान, स्पष्ट लक्ष्य दिले की मनाला धरायला काहीतरी मिळते. नकारात्मक विचार हुसकावून लावण्याच्या खटाटोपापेक्षा हा उपाय मला कितीतरी खात्रीचा वाटतो.

पटिंगच्या वेळी, म्हणजे जवळून चेंडू हळूच होलमध्ये ढकलताना, हेच काम डोळे करतात. कॅनडातील संशोधक जोन विकर्स यांनी 1992 मध्ये पटिंग करणाऱ्या खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुशल खेळाडूंची नजर फटक्यापूर्वी चेंडूवर अधिक काळ स्थिर राहते आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर त्याच जागी टिकते, असे त्यांना आढळले. होलच्या खड्ड्याचा व्यास 108 मिलिमीटर आणि चेंडूचा सुमारे 43. जागा पुरेशी असते, पण चेंडू कुठे जातो आहे हे पाहण्याच्या घाईत मान उचलली जाते आणि क्लबचा कोन बदलतो. चेंडू होलमध्ये पडल्याचा आवाज कानांनी ऐकायचा, डोळ्यांनी शोधायचा नाही, अशी सवय मी लावून घेत आहे. ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या आखूड गवतावर, उभे राहण्यापूर्वी एक दीर्घ उच्छ्वास सोडतो. श्वास घेण्यापेक्षा तो सावकाश सोडल्याने हृदयाची गती मंदावते आणि हातांची पकड आपोआप सैल होते.

थांबण्याचा विचार करताना मला नेहमी भारताची गोल्फपटू अदिती अशोक आठवते. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, शेवटच्या फेरीत मोजकेच होल शिल्लक असताना वादळामुळे खेळ थांबला होता. पदकाच्या उंबरठ्यावर असताना असे ताटकळणे किती अवघड असेल! लांब फटक्यांत प्रतिस्पर्ध्यांहून मागे असूनही तिने पटिंगच्या बळावर चौथा क्रमांक मिळवला. कांस्यपदक एका फटक्याने हुकले, पण चारही दिवस तिने राखलेला शांतपणा मला कोणत्याही पदकाइतकाच मोलाचा वाटतो.

अलीकडे मी स्कोअरकार्डवर फटक्यांच्या आकड्याशेजारी आणखी एक खूण करतो. त्या होलवरचा प्रत्येक फटका निर्णय पक्का झाल्यावरच मारला असेल, तर बरोबरची खूण. चेंडू कुठे पडला याच्याशी तिचा संबंध नाही. आजच्या कार्डावर पहिल्या बारा होलांपर्यंत खुणा दाट आहेत आणि पुढे, ऊन चढल्यावर, विरळ होत गेल्या आहेत. यात मनाइतकाच शरीराचाही भाग आहे, कारण अंगातले पाणी कमी झाले की लक्षही ढळू लागते. उद्यापासून तहानेची वाट न पाहता दर दोन होलांनंतर मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घ्यायचे आणि तेराव्या होलपासूनच्या खुणा वाढतात का ते पाहायचे, असे ठरवले आहे.