दुरुस्ती न करणारा कर्जदार

आमच्या सोसायटीचे प्लंबरकाका मागच्या दिवाळीआधी वारले. ठाण्याच्या पांचपाखाडीतली आमची इमारत १९८६ची, आणि जमिनीखालची लाइन कुठून कुठे जाते ते त्या एकट्या माणसाला ठाऊक होतं. पार्किंगच्या लाद्या ओल्या दिसायला लागल्या तेव्हा आम्ही तीन ठिकाणी खणलं. तिसऱ्या खड्ड्यात व्हॉल्व सापडला, पण तो इतका गंजलेला की फिरेचना. मी खजिनदार, त्यामुळे खड्ड्यांचं व्हाउचर मीच लिहिलं. "काकू, नकाशा नाहीये का?" दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने विचारलं. होता ना. काकांच्या डोक्यात होता.

बत्तीस वर्षं मी बँकेच्या कर्ज विभागात काढली. तिथे एक गोष्ट पक्की कळली: ज्याने मशीनची देखभाल बंद केलीय तो कारखानदार पहिली दोन-तीन वर्षं फार गुणी दिसतो. खर्च कमी, नफा जास्त, हप्ता वेळेवर. म्हणून मी पाहणीला गेले की ताळेबंद पिशवीतच ठेवून आधी देखभालीची वही मागायची, आणि फिटरला त्याचं वय विचारायची. एका मालकाला याचा फार राग आला होता.

सोसायटीतही तेच. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीची किंवा पुनर्बांधणीची शिल्लक) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जायला हवेत. जी कमिटी हे मागत नाही तिचा मेंटेनन्स कमी येतो आणि सभेत तिच्यासाठी टाळ्या वाजतात.

हे सगळं शहराच्या पाण्याला लावून बघायचं खूळ माझ्या डोक्यात खड्ड्यापाशीच शिरलं. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये शहरांसाठी सेवेचे मापदंड ठरवले. पाण्याचे नऊ आहेत: नळजोडण्या किती घरांना, माणशी रोज १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, मीटर, शुद्धता, बेहिशेबी पाणी (गळती-चोरीत गेलेलं, ज्याचं बिल होत नाही) २० टक्क्यांच्या आत, तक्रारींचं निवारण, चालू खर्चातला किती भाग पाणीपट्टीतून निघतो ती वसुली आणि बिलांची वसुली. चांगलेच आहेत. पण कर्ज विभागाच्या नजरेने वाचले की एक गंमत दिसते. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या नाहीत, पंपाची ओव्हरहॉलिंग पुढच्या वर्षावर ढकलली, तर चालू खर्च घटतो आणि खर्चवसुलीची टक्केवारी सुधारते! म्हणजे आजारी पडत चाललेली संस्था कागदावर बाळसं धरते. एकूण जलवाहिन्यांपैकी यंदा किती किलोमीटर बदलल्या, व्हॉल्व शेवटचे कधी फिरवून पाहिले, व्हॉल्व उघडबंद करणाऱ्या चावीवाल्याच्या हाताखाली कुणी शिकतंय का, हे त्या नवात कुठेच नाही.

धाकटी बहीण नेरुळला असते. ठाण्याचं पाणी म्हणजे महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका, अशी चार घरची भाकरी. त्यामुळे फोनवर ती ऐकवतेच, "ताई, आमचं स्वतःचं धरण आहे." आहेच, खालापूर तालुक्यातलं मोरबे. ८८ मीटरला पातळी पोचली की तिच्या ग्रुपवर फोटोंचा पूर येतो. मी म्हटलं, अगं, धरण म्हणजे बँकेतली ठेव. तुझ्या स्वयंपाकघरात पाणी येतं ते पाइपातून, पंपातून आणि माणसांच्या हातून. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७०ची, आणि नोड, म्हणजे तिथले उपनगरी भाग, टप्प्याटप्प्याने वसवलेले. एका टप्प्यात टाकलेलं सगळं म्हातारंही एकदमच होतं. त्यावर तिने विषय बदलून आंब्यांचे भाव काढले. (ठाण्याच्या चार दारांचा एक फायदा मात्र मी तिला सांगितला नाही. एक बंद पडलं तरी बाकीची तीन असतात. तोटा असा की बिघाड झाला की कुणाचा, हे ठरवण्यात पहिला दिवस जाऊ शकतो.)

माझ्या मते या विषयात खरा अभ्यास करावा तो कंबोडियाच्या नोम पेन्हचा. १९९३ मध्ये तिथल्या पाणीसंस्थेचं ७२ टक्के पाणी बेहिशेबी जात होतं. एक सॉन चान नावाचे प्रमुख आले (त्यांचं आडनावच 'एक'), आणि पुढे हा आकडा ६ टक्क्यांच्या आसपास आला. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लोक पाइप आणि मीटरांबद्दल बोलतात. मला भावते ती आतली गोष्ट. हजार जोडण्यांमागे २२ कर्मचारी होते ते चारावर आले, आणि तरुण इंजिनियरांना वर आणलं गेलं. प्रमुख मात्र १९ वर्षं तेच. इथे माझं पेन अडतं. कर्जाच्या फायलीत मी अशा वेळी समासात लिहायची, 'सगळं एका माणसावर'. आमच्याकडे आयुक्त तीनेक वर्षांत बदलतात, हे दुसरं टोक. पण दोन्हीकडे प्रश्न तोच: माणूस गेल्यावर वहीत काय उरतं?

आमच्या वहीत आता काहीतरी आहे. वॉचमन आणि मी दोन रविवार टॉर्च घेऊन फिरलो, नकाशा काढला, लॅमिनेट करून मीटर रूममध्ये लावला. जिन्याखालच्या एका व्हॉल्वपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. तो बंद केला की कुणाकडचं पाणी जातं ते या रविवारी बघायचंय. सकाळी दहाच्या आत नको, असं तळमजल्यावरच्या आजींनी बजावलंय.