आमची वाटचाल: अनंताची रोपं आणि बोअरचं पाणी

नर्सरी सुरू केली तेव्हा आमच्या शेडनेटखाली पंधरा-वीस प्रकारची झाडं होती. आज एकच आहे, अनंत, म्हणजे गार्डेनिया. एकाच झाडावर धंदा चालतो का, असं लोक विचारतात. चालतो. पण याच झाडापायी तो एकदा बंद पडायची वेळ आली होती.

पहिली दोन वर्षं आम्ही तयार रोपं बाहेरून आणून विकायचो. तुकतुकीत पानं, कळ्यांनी लगडलेल्या फांद्या. गिऱ्हाईक एका फुलाचा वास घ्यायचं आणि रोप उचलायचं; बोलावंही लागायचं नाही. दीड-दोन महिन्यांनी तीच माणसं परत यायची. कळ्या न उमलताच गळल्या, कोवळी पानं पिवळी पडली, आजारी झाड गळ्यात मारलंत! आम्ही रोप बदलून द्यायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, यांना पाणी घालता येत नाही. मग आमच्याकडे पडून राहिलेली रोपंही पिवळी पडली आणि तोंड बंद झालं.

आधी नत्र घातलं, फरक शून्य. नंतर नीट पाहिलं तर खालची जुनी पानं हिरवीगार, पिवळी होती ती फक्त शेंड्याची, आणि त्यांच्याही शिरा हिरव्या. म्हणजे लोह कमी पडतंय. खरं तर कुंडीत लोह होतं. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 5 ते 6.5. आमच्या बोअरच्या पाण्याचा सामू 8 च्या वर निघाला, बायकार्बोनेटही भरपूर. रोज पाणी घालून आम्हीच माती बिघडवत होतो; तशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. हिराकस (लोहाचं स्वस्त खत, फेरस सल्फेट) टाकून पाहिलं, तेही अशा मातीत लवकरच निकामी होतं. चिलेटेड लोहातही, म्हणजे निकामी होऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेल्या लोहातही, ईडीटीए प्रकारचं टिकलं नाही, ईडीडीएचए प्रकारचं टिकलं, पण ते महाग. शेवटी शेडच्या पन्हाळीखाली टाकी बांधली आणि पावसाचं पाणी साठवायला लागलो. आमची सगळ्यात मोठी गुंतवणूक हीच, आणि गिऱ्हाइकाला ती दिसतही नाही.

कळ्यांचं दुखणं वेगळं. अनंताला कळी धरायला रात्र गार लागते, 15 ते 18 अंशांच्या आसपास. उबदार रात्री, मध्येच पडलेला पाण्याचा ताण किंवा जागेची हलवाहलव, एवढ्यानेही कळ्या गळतात. भरल्या कळ्यांचं रोप गाडीत घालून विकणं म्हणजे तक्रार विकणंच. म्हणून कळ्या असलेली रोपं विकणं बंद केलं. विक्री धाडकन खाली आली. फूल दिसल्याशिवाय झाड कोण घेणार?

त्या मंदीत आम्ही स्वतः कलमं करायला शिकलो. अर्धवट पक्व फांदीचं बोटभर छाट, वर पानांच्या दोन जोड्या, मुळं फुटण्यासाठी संजीवक, भरपूर आर्द्रता. पहिल्या तुकडीत निम्म्याहून जास्त कुजली, कारण हौसेने पाणी जास्त दिलं. मुळं फुटायला महिना-दोन महिने लागतात. रोज उपटून बघायचा मोह आवरणं हेच मुख्य कौशल्य. (गार्डेनिया हे नाव बागेवरून आलं असं आम्हीही समजायचो. ते अलेक्झांडर गार्डन नावाच्या अठराव्या शतकातल्या डॉक्टरवरून आहे.)

आता रोप देण्याआधी आम्ही विचारतो, पाणी कुठलं घालणार? काहीजण वैतागतात. नव्या सिमेंटच्या कुंडीत लावू नका, तिच्यातून चुना पाझरतो, हेही सांगतो. छाटणी फुलांचा बहर संपताच करा, उशीर केला तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात. मुंग्या चढताना दिसल्या तर पानामागे पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड शोधा.

राहिला प्रश्न सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचा. उष्ण, वाळूसर जमिनीत ते अनंताच्या मुळांवर गाठी करतात आणि त्यावर फवारणीचा उपयोग नाही. गार्डेनिया थनबर्जिया या त्याच्या आफ्रिकी भावंडाच्या खुंटावर (मुळांसकटच्या खालच्या भागावर) बांधलेलं कलम त्यांना दाद देत नाही. तो खुंट थंडीला कच्चा, पण उबदार हवेत त्याची अडचण नाही. अशी पहिली कलमं सध्या पिशव्यांत आहेत. विकायला अजून काढलेली नाहीत.